बोंबील घ्यायला आलेल्या दोघी

माझ्या धाकट्या जावेला तिचा नवरा मारायचा, आणि मला तिचा हेवा वाटायचा. हे वाचून कुणी नाक मुरडलं तरी मी ते खोडणार नाही. मार खाण्याचा हेवा नव्हे, तेवढी मी खुळी नाही. तो माझ्या वाट्याला तिच्याहून जास्तच आला होता. हेवा वाटायचा तो पुढच्या गोष्टीचा. तिच्यासाठी माणसं आली. माझ्यासाठी कुणी आलं नव्हतं.

आमचं घर पाचूबंदरला. सासऱ्यांनी बांधलेलं एकच लांबट घर होतं. दोघा भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा मध्ये एका विटेची भिंत घालून त्याची दोन घरं केली. अलीकडे मी, पलीकडे धाकटी, तिचा नवरा, त्यांची लहान लेक आणि सासूबाई. पुढचा ओटा सामाईक, बोंबील वाळत घालायचे बांबूही सामाईक. माझा नवरा आजारानं गेला त्याला बरीच वर्षं झाली. माझी लेक अर्नाळ्याला दिली. मग माझ्या सोबतीला उरली ती भिंत आणि तिच्यातून जे काही ऐकू येईल ते.

दोघा भावांची रीत एकच होती. आधी घरातला आवाज वाढवायचा. माझ्या वेळी टेपरेकॉर्डर होता, हिच्या वेळी टीव्ही. बातम्या देणारी बाई एकाएकी गल्लीभर ओरडायला लागली की माझा भांडी घासणारा हात थांबायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरात पापलेट यायचं.

हे पापलेटाचं नीट सांगायला हवं. लोकांना वाटतं, कोळ्यांच्या घरी काय, रोज पापलेट तळत असतील. आमच्याकडे चांगलं पापलेट घरात शिजत नाही. ते बाजाराचं. आम्ही खातो मांदेली, ओले बोंबील, विकून उरलेली बारीकसारीक मासळी. जावई आला किंवा घरात बाळंतीण असली तरच पापलेटाला सुरी लागते. आमच्या घरात मात्र त्याला आणखी एक निमित्त होतं. रात्री हात उचलला की सकाळी धक्क्यावरून चांगलं मोठं पापलेट आणून बायकोसमोर ठेवायचं. तोंडानं काही बोलायचं नाही. बायकोनं ते साफ करायचं, शिजवायचं, त्याला वाढायचं आणि आपणही खायचं. खाल्लं की विषय मिटला. सासरे हेच करायचे, आणि सासूबाईंना त्याचा अभिमान होता. माझा नवरा गेल्यापासून मी पापलेट तोंडात घातलेलं नाही. पण पलीकडं ते तळायला लागलं की वास थेट माझ्या चुलीपर्यंत यायचा.

गेल्या मे महिन्यात दोन बायका आमच्या ओट्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मे महिन्यात आमच्या गल्लीत परक्या बायका आल्या तर कशाला आल्या हे विचारावं लागत नाही. पापडीहून, सांडोरहून, स्टेशनकडच्या इमारतींतून बायका पावसाळ्याची बेगमी करायला येतात. सुके बोंबील, जवळा, सुकट घेतात, भाव करतात, पाणी पितात आणि जातात. सासूबाईंनी या दोघींनाही त्याच हिशेबात धरलं.

"बसा गो, उन्हाच्या आलात," त्या म्हणाल्या. "आमचा माल बघा. वाळूचा कन सापडनार नाय. पानी आन गो!"

एक पन्नाशीची, सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. दुसरी तरुण, अंगानं भरलेली, पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. मी माझ्या दारात बसून जवळा निवडत होते, तेव्हा माझी नजर आधी तिच्या पायांकडं गेली. पंजाबी ड्रेसखाली तपकिरी चामड्याचे बूट. बोंबील घ्यायला असे बूट घालून कोण येतं? मला कळायचं ते कळलं. सासूबाईंना सावध करायला माझं एक खाकरणं पुरलं असतं. मी जवळा निवडत राहिले. मला पुढं काय होतं ते बघायचं होतं.

धाकटी पाणी घेऊन आली. डाव्या गालावर पदर ओढलेला, मनगट सुजलेलं. साडीवाल्या बाईंनी तांब्या घेता घेता विचारलं, "हाताला काय झालं?"

धाकटीच्या आधी सासूबाईच बोलल्या. गिऱ्हाइकापुढं त्यांच्या जिभेला हाड नसतं. "तोंडाला तोंड देते नवऱ्याच्या. त्यानं दिल्या दोन. पन मनाचा मोठा हाय माझा लेक. सकाली पापलेट आनलंय तिच्यासाठी. वास येतोय का नाय?"

"मारल्यावर पापलेट आणतात?" तरुण बाईनं विचारलं.

"मंग! बाजारात न देता बायकोला आनतो. माझ्या मोठ्यानं पन या मोठीला असाच खाऊ घातलाय," म्हणत त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

मी मान खाली घातली. माझ्या अंगावर काय काय झालं, ते सगळं सासूबाईंनी एका वाक्यात जेवणखाण करून टाकलं होतं.

तरुण बाईनं पेला खाली ठेवला. "आजी, मी पोलीस ठाण्यातून आलेय. या ताई बायकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या, आम्ही बरोबर काम करतो. तुमच्या सुनेनं आम्हाला फोन केला होता."

सासूबाईंच्या हातात बोंबलांची जुडी तशीच राहिली. मग त्यांनी विचारलं, "मंग बोंबील घेनार का नाय?"

ताईंनी खरोखरच घेतले. मला तेव्हा हसू आलं होतं, आता लिहितानाही येतंय.

त्यांची कामाची पद्धत मला पुढं समजली. पहिल्या खेपेला गणवेश घालायचा नाही, म्हणजे गल्ली गोळा होत नाही. पोलीस एकटा आला तर घर घाबरतं आणि बाईचं तोंड मिटतं. संस्थेची बाई एकटी आली तर घर तिला हाकलून लावतं. म्हणून दोघींनी जोडीनं यायचं. बोलायचं काम ताईंचं, आणि कुणी आवाज चढवला तर त्या तरुण पोलीस मॅडमचं. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बसवून विचारायचं. एकदा येऊन संपत नाही, पुन्हा पुन्हा यायचं.

त्या दिवशी ताईंनी धाकटीला ओट्यावरच्या खुर्चीत बसवलं. ती दिराची खुर्ची, हातांची, निळ्या प्लास्टिकची. तिच्यावर घरातली बाई बसलेली मी कधी पाहिली नव्हती. दीर धक्क्यावरून आला तेव्हा धाकटी घाबरून उठायला लागली. मॅडम म्हणाल्या, "बसून राहा." आणि दिराला म्हणाल्या, "तुम्ही इथं पायरीवर बसा." आणि तो बसला. गुडघे पोटाशी घेऊन पायरीवर बसला माझा दीर!

हे बघून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या छातीत आग पेटली.

माझ्या वेळी मीही तक्रार केली होती. वीसेक वर्षांपूर्वी एकदा ओठ फाटला तेव्हा मी गल्लीतल्या वडीलधाऱ्या पंचांकडं गेले होते. ते संध्याकाळी आमच्याच घरी आले, चटईवर बसले. मी कुठं होते? आत, चहा करत होते. माझ्या संसाराचा निवाडा बाहेर चालला होता आणि साखर पुरेल का याची काळजी मी करत होते. ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा निकाल लागून गेला होता. त्यानं हात आवरायचा, मी जीभ आवरायची. समेटाचा नारळ दिला, चहा प्याले, गेले. मी कपबशा विसळल्या. मला कुणी काही विचारलंच नव्हतं.

आणि हिला खुर्ची. हिला "बसून राहा." हिच्या खांद्यावर ताईंचा हात. हिनं एक फोन काय केला आणि सरकार आणि समाज दोघं जोडीनं दारात हजर. मी मनातल्या मनात म्हटलं, हिनं असं काय मोठं पुण्य केलंय? मला ती आवडत नव्हती असं नाही. स्वभावानं गरीब, पटकन हसणारी पोर. पण त्या दिवसापासून तिच्या बांगड्यांचा आवाजसुद्धा मला सहन होईना.

मग फोन सुरू झाले. दोन दिवसांआड ताईंचा फोन. भिंतीपलीकडून मला धाकटीचं अर्धं बोलणं ऐकू यायचं. "हो ताई. नाही ताई. आज बरं आहे." ती फोन ठेवून गुणगुणायची. कोणी विचारपूस केली की माणूस गुणगुणतो, हे मला तिच्यामुळं समजलं. म्हणजे मी अजून किती जळले असेन, बघा.

एकदा धाकटी लेकीला घेऊन दळणाला गेली होती आणि मोबाईल ओट्यावर राहिला होता. तो वाजला. मी उचलला. कोण बोलतंय हे सांगायच्या आधीच पलीकडून आवाज आला, "काय गं, जेवलीस का?"

मी म्हटलं, "हो."

"झोप लागते?"

"नाय."

"भीती वाटते का गं?"

मी फोन ठेवला नाही. ताई बोलत राहिल्या. भीती वाटणं यात कमीपणा नाही म्हणाल्या, तुझी चूक नाही म्हणाल्या. हे ऐकायला मी चाळीशी ओलांडून पन्नाशीकडं झुकेपर्यंत थांबले होते, आणि ते मिळालं तेही दुसरीच्या नावावरचं. मग ताई एकदम थांबल्या. "आवाज वेगळा वाटतोय. कोण बोलतंय?"

मी फोन बंद केला आणि होता तिथं ठेवून दिला. पुढचा सगळा दिवस मी कामात चुका करत होते.

आठवड्याभरानं त्या दोघी माझ्या दारात आल्या, धाकटीसाठी नाही, माझ्यासाठी. ताईंनी सरळ सांगितलं. धाकटीला घर सोडायचं नव्हतं. तिला माहेरी आधार नव्हता आणि लेकीची शाळा इथंच होती. दिराला घराबाहेर राहायला सांगा, असा अर्ज तिनं कोर्टात केला होता. पण दीर म्हणत होता, ती धक्क्यावर शेवाळावरून घसरून पडली. सासूबाईंनीही शब्द फिरवला होता. "मी काय बोलले? बोंबलांचं बोलले," एवढंच त्या म्हणायच्या. भिंतीपलीकडं राहणारी, साक्ष देऊ शकेल अशी मीच एक होते.

घाईही होती. जूनपासून मासेमारी बंद. बोटी किनाऱ्यावर ओढतात आणि पुरुष दोन महिने घरात बसतात. समुद्रावर जातो तेव्हा निदान तेवढे दिवस बाई मोकळा श्वास घेते. पावसाळ्याचे दोन महिने कसे असतात हे मला ताईंनी सांगायची गरज नव्हती. धाकटी त्या घरात त्याच्यासोबत दोन महिने कोंडली जाणार होती, आणि यावेळी त्याच्या डोक्यात तिच्या फोनचा रागही होता.

तरीही मी म्हटलं, "मला काय ऐकू नाय आलं."

ताईंनी आग्रह केला नाही. मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे मावशी. तुम्ही नाही म्हणालात तरी आम्ही तिच्याकडं येत राहूच." याचाच मला जास्त राग आला. येत राहा, तिच्याकडंच येत राहा. मी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावर पापलेट.

केळीच्या पानावर ठेवलेलं, ताजं, डोळे चकचकीत, चांगलं हातभर. दीर ओट्यावर खुर्चीत बसला होता. माझ्याकडं बघून हसला. "वयनी, तुमच्यासाठी आनलंय. तुम्ही घरच्या मानूस."

मी पापलेटाकडं बघत राहिले. नवरा गेल्यानंतर या घरातून मला मिळालेलं ते पहिलं पापलेट. बाळंतपण सोडलं तर मार न खाता मिळालेलं आयुष्यातलं पहिलं. त्यानं मला काय समजून ते दिलं होतं हे मला पुरतं कळत होतं. शिजवायचं, खायचं, विषय मिटवायचा. फरक इतकाच की या वेळी मार दुसरीनं खायचा होता आणि पापलेट मी.

धाकटी तिच्या दारात उभी होती. तिनं पानाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आत गेली.

मला जो संताप आला तो तिच्या बाजूनं आला असं मी म्हणणार नाही. तो माझा स्वतःचा होता, जुना, माझ्या नवऱ्यावरचा, सासऱ्यांवरचा, चटईवरच्या पंचांवरचा. मी पापलेट उचललं, टोपलीत घातलं, वर ओलं फडकं टाकलं आणि बाजारात नेऊन विकलं. चांगलं गेलं. त्याच पैशांनी रिक्षा केली आणि रिक्षावाल्याला पोलीस ठाण्याचा पत्ता सांगितला.

ठाण्यात मागच्या अंगाला एक लहान खोली आहे. तिथं ताईंचं टेबल. मॅडम त्या दिवशी गणवेशात होत्या. म्हणाल्या, "निरोप दिला असता तर आम्ही घरी आलो असतो, मावशी. तुम्हाला यायची गरज नव्हती." मी म्हटलं, "घरच्या भिंती पातल हायत."

त्यांनी कॉम्प्युटर पुढं ओढला. नाव, वय, नातं झालं. मग विचारलं, "मारल्याचं तुम्ही पाहिलं?"

"नाय. ऐकलं."

"किती वेळा?"

"मोजलं नाय. टीव्ही मोठा झाला की समजायचं. आनि सकाली पापलेटाचा वास आला की नक्की."

मॅडमची बोटं थांबली. "पापलेटावरून कसं नक्की म्हणता?"

मग मी सांगितलं. या घरात पापलेट कधी शिजतं ते सांगितलं. माझ्या वेळी टेपवर कुठलं गाणं लागायचं तेही सांगितलं. ओठ, बरगडी, केस. मी थांबेन असं मला वाटत होतं, पण थांबले नाही. ताई खुर्ची जवळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही.

माझं झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुमचे मिस्टर आता हयात नाहीत. त्यांच्यावर काही कारवाई होणार नाही. पण तुम्हाला कसं कळलं याचं कारण म्हणून हे जबाबात येऊ शकतं. लिहू का? तुम्ही म्हणाल तसं."

घरी भिंतीवर त्याचा फोटो आहे. दर अमावास्येला मी त्याला हार घालते. सासूबाई त्याला हात जोडल्याशिवाय जेवत नाहीत. गल्लीत सगळे म्हणतात, मोठा देवमाणूस होता. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

"लिहा," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, आणि मग पद्धतीप्रमाणे मला वाचून दाखवलं. चढ नाही, उतार नाही, पोलिसी आवाजात. 'माझे पती मला मारहाण करीत असत.' माझ्या आयुष्यातलं ते वाक्य मी पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं. शेवटी त्या म्हणाल्या, "जबाब सांगितल्याप्रमाणे लिहिला आहे, बरोबर आहे, असं आहे खाली. बरोबर आहे ना?" मी सही केली. ताईंनी डबा उघडून माझ्यापुढं सरकवला. "खाऊन घ्या. सकाळपासून काही खाल्लं नसेल." फोनवरचा आवाज त्यांनी ओळखला होता की नाही, ते मी कधी विचारलं नाही.

बोटी वर ओढायच्या आधी कोर्टाचा हुकूम आला. केस चालेल तोवर दिरानं त्या घरात पाऊल टाकायचं नाही. तो आता चुलतभावाकडं राहतो. सासूबाईंनी माझ्याशी बोलणं टाकलं. बोंबलांच्या जुड्या बांधताना माझ्याकडं पाठ करून बसतात. एकदा ताई आणि मॅडम आल्या तेव्हा मात्र त्यांना पाणी दिलं, मला कळू न देता.

आणि माझा हेवा? लोकांना वाटतं, जबाब दिला की मन स्वच्छ होतं. माझं झालं नाही. पावसाळाभर गल्लीतले पुरुष घराघरांत बसलेले आणि आमच्या पलीकडं शांतता. टीव्ही हळू आवाजात, मायलेकींचं हसणं. मी भिंतीला कान लावून ते हसणं ऐकायचे आणि जळायचे. मी सव्वीस-सत्तावीस वर्षांची असताना अशी दोन महिन्यांची शांतता मला कुणी दिली असती तर मी काय काय केलं असतं, याचा विचार करत अंथरुणावर पडून राहायचे.

एका दुपारी धाकटी भाताचं ताट घेऊन माझ्याकडं आली. समोर बसली. बोलता बोलता तिचे डोळे भरले. "बाय, तुम्ही नसता तर मी मेले असते. तुमचे उपकार मी..."

माझा तोल गेला. उपकार हा शब्द मला ऐकवेना. मी ताट बाजूला सरकवलं आणि तिच्यावर ओरडले, "आनि माझ्या वेली? माझ्या वेली कुठं होतीस तू? कोन होतं माझ्या वेली?"

ती दचकली. मग तिनं हा प्रश्न खरोखरीचा आहे असं समजून कपाळाला आठ्या घालून हिशेब केला. ओशाळून, माफी मागितल्यासारख्या आवाजात म्हणाली, "मी तेव्हा तिसरीत असेन, बाय."

तिसरीत. म्हणजे तिच्या लेकीएवढी. मी ताट पुन्हा पुढं ओढलं आणि भात खायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. ती माझ्याजवळ सरकली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. तो हात मी झटकला नाही. पण मी जळत होते, अजूनही, त्या तिसरीतल्या पोरीवर.